कॅलिब्रेशन करूनही गाडी पुन्हा बसते: एअर सस्पेन्शनच्या उंचीचा घोळ कसा शोधायचा

तक्रार ठरलेली असते. एअर सस्पेन्शनची गाडी (स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बलूनवर उभी राहणारी), बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडची, एका बाजूला कललेली. गॅरेजवाला स्कॅनर जोडतो, चारही चाकांची उंची भरतो, गाडी सरळ उभी राहते. "झालं साहेब, कॅलिब्रेशन करून दिलंय. चार दिवस चालवून बघा." चार दिवसांनी पुढचा डावा कोपरा पुन्हा खाली. परत कॅलिब्रेशन, परत बिल. तिसऱ्या खेपेला कुणीतरी ठामपणे सांगतं, "ईसीयू गेलाय, बदलावा लागेल."

ईसीयू, म्हणजे सस्पेन्शन सांभाळणारा छोटा संगणक, सहसा गेलेला नसतो. उंची चुकते ती दोन अगदी वेगळ्या कारणांनी. एक तर बलूनमध्ये हवा टिकत नाही. नाहीतर हवा नीट टिकते, पण आपण किती उंचीवर उभे आहोत हेच गाडीला चुकीचं कळतं. कॅलिब्रेशन हा दुसऱ्या प्रकारातल्याही मोजक्याच दुखण्यांवरचा इलाज आहे. पहिल्या प्रकाराला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट तोटाच. म्हणून स्कॅनरला हात लावण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: उभी ठेवलेली गाडी बसते की नाही?

रात्रभर उभी करून बघा

टेप घ्या आणि चाकाच्या केंद्रापासून सरळ वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत मोजा, चारही ठिकाणी, मिलिमीटरमध्ये. जमिनीपासून मोजू नका. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिमी खोल असते, झिजलेल्याची दोन. तिथेच पाच-सहा मिमीचा गोंधळ होतो, टायरमधली हवा कमी-जास्त असली तर आणखी. आकडे मोबाइलमध्ये नको, कागदावर लिहा आणि तो डॅशबोर्डवर ठेवा. पुढे ते पुन्हापुन्हा लागणार आहेत.

मग सस्पेन्शनचा फ्यूज काढा. हे बहुतेक जण करत नाहीत आणि त्यामुळेच फसतात. गाडी बंद केली तरी सस्पेन्शनचा ईसीयू मधूनमधून जागा होऊन उंची तपासत राहतो. रात्री कंप्रेसर चालवून बॅटरी उतरवायची नसते, म्हणून एक कोपरा खाली गेलेला दिसला की काही गाड्या त्याला वर न उचलता बाकीचे तीन कोपरे त्याच्याइतके खाली आणतात. लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ ही याबाबतीत सगळ्यात प्रसिद्ध. सकाळी मालक बघतो तर सगळी गाडी पोटावर. चारही बलून एकदम गेले असं वाटून तो चार बलूनचं कोटेशन मागवतो, आणि गळत असतो एकच. फ्यूज काढला की ईसीयू लुडबुड करत नाही, जो कोपरा गळतो तोच बसतो. फ्यूज परत लावल्यावर चेतावणीचा दिवा लागेल. तो थोडं चालवल्यावर किंवा स्कॅनरने जातो.

सकाळी मोजताना थंडीचा हिशोब धरा. पुण्यात जानेवारीत दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश हे काही नवल नाही. बलूनमधला दाब गाडीच्या वजनावर ठरतो, तो तसाच राहतो. हवा मात्र थंड होऊन आक्रसते, आणि २० अंशांच्या फरकाला तिचं आकारमान साडेसहा टक्क्यांच्या आसपास घटतं. बलूनमधला हवेचा स्तंभ दीडशे मिमी धरला तर गाडी गळती नसतानाही सेंटीमीटरभर खाली येते. त्यामुळे चारही कोपरे सारखेच आठ-दहा मिमी उतरले असतील तर तो निसर्ग आहे. तीन कोपरे आठ मिमी आणि चौथा तीस, तर चौथा गळतोय. पुढची दोन्ही चाकं बरोबरीने बसली आणि मागची जागेवर आहेत, तर संशयाची सुई बलूनपेक्षा व्हॉल्व्ह ब्लॉककडे, म्हणजे कोणत्या बलूनला हवा द्यायची हे ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्याकडे.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे सोसायटीचं पार्किंग. तिथला उतार नाल्याकडे असतो, किंवा एक चाक फूटपाथच्या कडेवर चढलेलं असतं. अशा जागी गाडी कललेलीच दिसणार. चाचणी सपाट जागेवरच करा.

गळती शोधताना

आधी जिवाची गोष्ट. हवेच्या जोरावर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. व्हॉल्व्ह उघडला की दीड-दोन टनांची गाडी कसलीही सूचना न देता खाली येते आणि फेंडर व टायरमध्ये हात असेल तर तो राहत नाही. गाडीत जॅक मोड (सस्पेन्शनला उंची बदलू न देणारी सोय) असेल तर तो चालू करा, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, मगच आत बघा.

स्प्रे बाटलीत पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड. पुढचा बलून तपासायचा तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, चाकाच्या कमानीतलं प्लास्टिक काढा. आता बलूनचा खालचा भाग दिसतो: रबर स्वतःवरच आत दुमडून पिस्टनवर बसलेलं. गाडी वर-खाली होते तेव्हा ही घडीच सरकते, म्हणून रबर मरतं ते तिथे. घडीत लाल माती आणि ब्रेकची काळी पूड साचलेली असते. ती आधी पाण्याने धुवा, मग साबण मारा आणि थांबा. मोठी गळती असेल तर फुसफुस ऐकूच येते. रात्रभरात तीस मिमी बसवणारी गळती मात्र मिनिट-दोन मिनिटांनी घडीच्या एका रेषेत बारीक पांढरा फेस धरते. इथे लोक घाई करतात, साबण मारून दहा सेकंदांत "काही नाही" म्हणतात.

एकाच उंचीवर तपासून भागत नाही. भेग घडीत दबलेली असताना बंद राहते आणि गाडी वर घेतली की उघडते, किंवा नेमकं उलटं. त्यामुळे "हायवेवर नीट असते, घरी आल्यावर बसते" असं मालक म्हणतो तेव्हा त्याला खुळ्यात काढू नका. गाडी जिथे रात्र काढते त्या उंचीवर साबण मारा.

घडी कोरडी निघाली तर बलूनच्या डोक्यावरची पाइपची जोडणी, मग पाइपचा सगळा मार्ग. पाइप नायलॉनचे, चार किंवा सहा मिमी जाडीचे. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरिंगइतक्याच आवडीने हे पाइपही कुरतडतात. तुकडा जोडायचा असेल तर पाइप धारदार ब्लेडने काटकोनात कापा. पकडीने कापलेलं टोक चपटं होतं आणि नवी जोडणी पहिल्याच दिवशी गळायला लागते.

बलून आणि पाइप दोन्ही कोरडे, तरी कोपरा बसतोच, तर प्रश्न उरतो व्हॉल्व्ह ब्लॉकचा. काही जण ब्लॉकवरचे डावे-उजवे पाइप अदलाबदल करून बघतात. मला ती युक्ती पटत नाही. फ्यूज लावताच ईसीयू डावा कोपरा उचलायला हवा सोडतो, उजवा उचलला जातो आणि गाडी वेडीवाकडी होते. त्यापेक्षा संशयित कोपऱ्याचा पाइप ब्लॉकमधून हळूहळू सैल करून काढा (हवा सुटेल, कोपरा खाली येईल, त्याची तयारी ठेवून), त्या टोकाला टायरसारखा व्हॉल्व्ह असलेलं कनेक्टर लावा आणि गॅरेजच्या कंप्रेसरने तो कोपरा मूळ उंचीवर आणा. रात्रभर ठेवा. हवा टिकली तर दोष ब्लॉकचा, बसली तर पाइप किंवा बलूनचा. वाद मिटला.

नवा बलून टाकलात तर गाडीचं वजन त्याच्यावर टाकण्याआधी त्यात थोडी हवा भरा. रिकाम्या बलूनवर गाडी उतरवली की घडी चुकीच्या जागी चिमटते आणि नवं रबर फाटतं. बलून निकृष्ट निघाला म्हणून दुकानदाराशी जी भांडणं होतात, त्यातली बरीच इथे सुरू झालेली असतात.

कंप्रेसर हा बळी असतो

कंप्रेसर जळाला म्हणून नवा टाकला आणि तोही काही महिन्यांत गेला, हेही नेहमीचं. त्याचं कारण ड्रायरमध्ये आहे. कंप्रेसर बाहेरची हवा ओढतो, ती सिलिका जेलच्या दाण्यांमधून जाते, दाणे ओल धरून ठेवतात. गाडी खाली घेताना जी हवा बाहेर सोडली जाते ती याच दाण्यांमधून उलटी जाते आणि जाताना साठलेली ओल घेऊन जाते. म्हणजे निरोगी गाडीत ड्रायर स्वतःला वाळवत राहतो.

बलून गळत असला की ही साखळी तुटते. हवा ड्रायरमधून आत येते, पण बाहेर जाते ती बलूनच्या भेगेतून. ओल दाण्यांतच राहते. कोकणातल्या जुलैच्या हवेत हे किती लवकर होत असेल बघा. दाणे भिजून फुटतात, त्यांची पांढरी पूड आणि पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातं, तिथल्या व्हॉल्व्हच्या सीटवर बसतं, आणि ब्लॉकही गळायला लागतो. तिकडे कंप्रेसर दर थोड्या वेळाने चालून तापतो, पिस्टनची रिंग झिजते. काही वेळा रिलेचे (कंप्रेसर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचे) पॉइंट चिकटतात आणि गाडी बंद असतानाही मोटर फिरत राहते, मग ती जळणारच.

म्हणून क्रम असा: आधी गळती, मग ड्रायरचे दाणे, मग कंप्रेसर, आणि कंप्रेसरसोबत रिले नवाच. रिले कंप्रेसरच्या मानाने फुकटात येतो; तिथे हात आखडणाऱ्याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. कंप्रेसर बऱ्याच गाड्यांत खाली, चाकाच्या कमानीमागे किंवा डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्याजवळ असतो. मुंबईत साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर त्याची हवा ओढायची नळी आणि फिल्टर आधी बघा.

कंप्रेसर चालतच नसेल तर बॅटरी मोजा. ही मोटर भरपूर करंट खाते. व्होल्टेज पडलेलं असलं की ईसीयू तिला चालूच करत नाही, आणि स्कॅनरवर सस्पेन्शनचे भलतेच कोड येतात.

बसत नाही, पण वाकडी उभी आहे

रात्रभर ठेवूनही आकडे हलले नाहीत, तरी डावा कोपरा उजव्यापेक्षा वीस मिमी खालीच आहे. आता हवेचा विषय संपला. आता मोजणाऱ्याची चौकशी.

प्रत्येक कोपऱ्यावर (किंवा काही गाड्यांत मागच्या बाजूला एकच) एक उंचीचा सेन्सर असतो. त्याची छोटी दांडी एका लिंक रॉडने खालच्या आर्मला (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला) जोडलेली. आर्म वर-खाली झाला की दांडी फिरते, व्होल्टेज बदलतं, ईसीयू त्याला उंची समजतो. रॉडच्या टोकाचा बॉल गंजतो, प्लास्टिकचं टोक तुटतं, दगड लागून ब्रॅकेट वाकतं. लोअर आर्म बदलताना मिस्त्रीने जोर लावून ब्रॅकेट दोन मिमी वाकवलं तर चाकाच्या जागी त्याचे कितीतरी जास्त होतात. आधी दुसऱ्या बाजूचं ब्रॅकेट डोळ्यासमोर ठेवून दोन्ही ताडून बघा.

सेन्सर तपासायला स्कॅनरवर चालू आकडे उघडा, रॉड सोडवा आणि दांडी बोटाने हळूहळू वरपासून खालपर्यंत न्या. आकडा सलग बदलला पाहिजे. मधेच उडी मारली किंवा एका जागी थिजला तर सेन्सर गेला, कितीही कॅलिब्रेशन करा. ही तपासणी करताना सस्पेन्शनने हवा सोडू नये याची काळजी घ्या, कारण दांडी हलली की गाडी आपली उंची बदलली असं समजते. गाडी घोड्यांवरच हवी. नवा सेन्सर लावल्याबरोबर तो कोपरा थेट आकाशात किंवा जमिनीला गेला, तर बहुधा दांडी उलट्या बाजूला बसली आहे.

आपल्याकडे आणखी एक कारण सर्रास सापडतं: डेंटिंग-पेंटिंग. फेंडर ठोकून, लांबी (पुट्टी) भरून, रंगवून झाला की त्याची कड मूळ जागी असेलच असं नाही. गाडी सरळच असते, वाकडा असतो फेंडर. त्या फेंडरवरून मोजून कॅलिब्रेशन केलं की सरळ गाडी वाकडी होते. शंका आली तर दोन्ही बाजूंचे आर्म किंवा सेन्सरचे आकडे ताडून बघा. मर्सिडीजची पद्धत याबाबतीत मला जास्त आवडते. तिथे फेंडर न मोजता आर्मचा कोन इन्क्लिनोमीटरने, अंशांत मोजतात. पत्रा कसाही असो, फरक पडत नाही.

आता कॅलिब्रेशन

हवा टिकते, सेन्सर नीट आहेत, रॉड शाबूत आहेत, एवढं झालं की मगच.

जागा खरंच सपाट हवी. चार पोस्टच्या लिफ्टचा भरवसा धरू नका, आणि फरशीचा तर नाहीच. गवंड्याकडची पारदर्शक पाण्याची नळी घ्या, चारही चाकांच्या जागा ताडून बघा, जिथे कमी पडतं तिथे प्लायचे तुकडे टाका. डिकी रिकामी, आत कुणी नाही, दारं बंद, टायरची हवा ठरल्याप्रमाणे, बॅटरीला चार्जर. हँडब्रेक सोडलेला असावा, कारण गाडी वर-खाली होताना चाकांना थोडं सरकू द्यावं लागतं. ती अडकली तर सस्पेन्शन ताणलेलं राहतं आणि माप खोटं येतं. गाडी पळू नये म्हणून पुढे-मागे थोडी जागा सोडून ओंडके ठेवा. एकदा वर, एकदा खाली, मग मधल्या उंचीवर आणून हाताने थोडी पुढे-मागे ढकला आणि मगच टेप लावा.

फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या गाड्यांत, म्हणजे पहिली टुआरेग, पहिली क्यू७ या पिढीत, लेव्हल कंट्रोलचं मॉड्यूल ३४ नंबरचं. तिथे अडॅप्टेशनच्या (स्कॅनरवरून आकडे भरायच्या मेनूच्या) चॅनेल १ मध्ये पुढचं डावं, २ मध्ये पुढचं उजवं, ३ मागचं डावं, ४ मागचं उजवं माप मिमीमध्ये भरायचं आणि शेवटी चॅनेल ५ मध्ये १ भरून ते पक्कं करायचं. इथे नेहमी होणारा घोळ: भरायचं ते *मोजलेलं* माप, हवं असलेलं नव्हे. हवं ते ईसीयूला आधीच माहीत आहे. तुम्ही खऱ्यापेक्षा दहा मिमी कमी आकडा भरला तर त्याला वाटतं गाडी खाली आहे, आणि तो दहा मिमी जास्त उचलतो. गाडी नको तितकी उंच झाली असेल तर कुणीतरी नेमकं हेच करून ठेवलेलं असतं.

माप भरल्यावर कोपऱ्यामागे कोपरा धरून पळू नका. गाडी चार पायांच्या डुगडुगत्या टेबलासारखी आहे: पुढचा डावा उचलला की मागच्या उजव्यावरही भार जातो आणि उरलेले दोन हलके होतात. त्यामुळे उंची चारही ठिकाणी बरोबर येऊनही गाडी दोन कर्णाकृती पायांवर उभी असू शकते. स्कॅनरवर दाबाचे आकडे दिसत असतील तर तेही बघा. एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या बलूनमध्ये एक आठ बार आणि दुसरा सहा असेल, तर माप किंवा जागा कुठेतरी चुकली आहे. अशी गाडी एका दिशेने वळताना बरी आणि दुसऱ्या दिशेने विचित्र लागते. डावी-उजवी तफावत पाच मिमीच्या आत आणि दाब जवळपास सारखे, एवढ्यावर मी थांबतो.

उंची बदलली की व्हील अलाइनमेंट बदलतेच. म्हणून अलाइनमेंट नंतर, आधी नाही. बऱ्याच गाड्यांत हेडलाइटची आपोआप होणारी लेव्हल याच सेन्सरवर चालते, तीही पुन्हा शिकवावी लागते, नाहीतर समोरून येणारे तुमच्या नावाने शंख करतील.

लिंक रॉडची आखूड वाट

समायोजित होणारे लिंक रॉड लावून गाडी "लो" करायची फॅशन आहे. सेन्सरला फसवून ईसीयूला गाडी उंच आहे असं भासवायचं, की तो ती खाली आणतो. बस-ट्रकवाल्या मिस्त्रीला हा मार्ग सहज सुचतो, कारण तिथे लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या दांडीनेच उंची लावतात आणि ते तिथे अगदी बरोबर आहे. कारमध्ये मात्र बलूनची घडी कायमची भलत्या जागी राहून लवकर झिजते, बंप स्टॉपला (शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबराला) अंतर उरत नाही, आणि मूळ रचनेत बदल म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न वेगळाच.

शिवाय आपले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, ताशी २५ किमीने सुखाने ओलांडता येईल असा. गावाच्या वेशीवरचा डांबराचा ढिगारा हे मानक वाचून घातलेला नसतो. २००० साली आलेल्या पहिल्या ऑडी ऑलरोडची जमिनीपासूनची उंची १४२ ते २०८ मिमी बदलते. ही सोय नेमकी अशाच वेळी कामाची, आणि लोक लो केलेल्या गाडीत तीच घालवून बसतात. गाडी वर घ्यायची तर गतिरोधकाच्या आधी थोडं थांबून घ्या. वेग वाढला की ती आपोआप खाली येते, तो बिघाड नव्हे.

एअर काढून साध्या कॉइल स्प्रिंग टाकायचा पर्याय मी सरसकट वाईट म्हणणार नाही. जुनी गाडी, चार बलून, ब्लॉक आणि कंप्रेसर सगळंच एकदम गेलं असेल तर खर्चाचं गणित तिकडे झुकतं. फक्त उंचीचे सेन्सर उपटून फेकू नका. हेडलाइटला ते लागतातच, आणि ईसीयू बंद न करता नुसत्या स्प्रिंग घातल्या तर तो रोज नसलेल्या बलूनमध्ये हवा भरायला कंप्रेसर चालवत बसतो.